निंबोळी अर्काची भरड: दाणे नकोत, पीठही नको

पिकावरची कीड आवरायला फवारतात त्या निंबोळी अर्काला ५ किलो निंबोळी, १०० लिटर पाणी, २०० ग्रॅम साबणाचा चुरा. आमच्या भागात शेतीशाळेला एकदा जरी बसलेल्या माणसाला अर्ध्या रात्री उठवून विचारा, हे माप तो धडाधड सांगेल. पण निंबोळी किती बारीक करायची असं विचारलं, की उत्तर येतं, "कुटाची न जाडीभरडी." जाडी म्हणजे केवढी आणि भरडी म्हणजे केवढी, हे ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. एकाच झाडाखालची निंबोळी, एकाच विहिरीचं पाणी, तरी एकाच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, अर्क काम करतो आणि धुऱ्यापलीकडच्या वावरात तो नुसतं कडू पाणी ठरतो. कारणं बरीच असतात. पण मी आजवर फसलेले जेवढे अर्क पाहिले, त्यातले निम्म्याहून जास्त उखळातच फसलेले होते.

आमचाही फसला होता. आमच्या बायकांच्या गटाच्या पहिल्या वर्षी कुटायचा कंटाळा आला म्हणून आम्ही १० किलो माल मिरची-हळद कांडायच्या यंत्रावर नेला. मिरचीची बारीक जाळी लावलेली होती, ती काढा म्हणून सांगायचं कुणाला सुचलं नाही. पहिले दोन किलो बरे निघाले. मग जाळीतून काही येईचना. उघडून पाहिलं तर आत काळपट, तेलकट लगदा, आणि हात लावला तर चटका बसावा इतका गरम. तोच खरवडून आणला, भिजवला. सकाळी ड्रमात वर तेलाची साय, खाली चिखल. गाळायला दोन तास गेले आणि तरी पंपाचं नोझल दर दोन ओळींनी चोंदत होतं. सासूबाई धुऱ्यावर बसून सगळं पाहत होत्या. म्हणाल्या, "काहून वं, पीठ कराले कोन सांगतलं होतं तुले? भाकरी थापाच्या होत्या का त्याच्या?" यंत्रावर पुढचे काही दिवस लोकांची मिरची कडू निघाली ती वेगळीच. त्याबद्दलची बोलणी आम्ही निमूट ऐकून घेतली, चूक आमची होती.

दुसऱ्या वर्षी आम्ही उलट्या बाजूला गेलो. उखळात दोन-दोन ठोसे दिले आणि हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे तसेच भिजवले. गाळणं एकदम सोपं, नोझल साफ, सगळ्या खूश. पण पाणी फिकट होतं. चोथ्यातला एक तुकडा दगडावर फोडून पाहिला तर आतून कोरडा, कडक, जसा बोऱ्यातून काढला तसाच. म्हणजे जे हवं होतं ते चोथ्यातच राहिलं आणि आम्ही पऱ्हाटीवर त्याचं विसळण फवारलं.

या दोन वर्षांच्या मधोमध जी भरड आहे ती कशी साधायची, एवढंच इथे सांगते.

आधी दाण्याचा हिशोब

शब्द आधी ठरवून घेऊ. पिकलेल्या निंबोळीचा गोड, चिकट भाग तो गर. त्याच्या आतली टणक बी. बीचं कवच फोडलं की आत निघतो तो मगज. औषध आहे ते या मगजात.

१९६२ मध्ये दिल्लीकडे टोळधाड आली तेव्हा भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की निंबोळीच्या मगजाचं पाणी मारलेलं पीक टोळ खात नाहीत. पुढे १९६८ मध्ये इंग्लंडात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी त्यातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. ते अझाडिरॅक्टिन. कृषी केंद्रात निंबोळीयुक्त औषधाच्या बाटलीवर ३०० पीपीएम, १५०० पीपीएम, १०००० पीपीएम असे आकडे असतात, ते याच द्रव्याचे: दहा लाख भागांत हे किती भाग.

हे द्रव्य मगजाच्या पेशींमध्ये बसलेलं असतं. पाण्यानं तुकड्यात शिरायचं, त्याला विरघळवायचं आणि घेऊन परत बाहेर यायचं. हा सगळा प्रवास तुकड्याच्या आतून आहे, म्हणून तुकडा जेवढा जाड तेवढी वाट लांब. आणि इथे हिशोब सरळ चालत नाही. वाट दुप्पट झाली तर वेळ दुप्पट लागत नाही, चौपट लागतो. ४ मिलिमीटरच्या तुकड्याला १ मिलिमीटरच्या तुकड्यापेक्षा सोळापट वेळ हवा. रात्र तर सगळ्यांना एकच मिळते.

दुसरी गोष्ट पाण्याला भिडणाऱ्या अंगाची. एक सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस सेंटिमीटर भरतात. त्याचेच एक-एक मिलिमीटरचे हजार तुकडे करा, माल तेवढाच, पण पाण्याला भिडणारी बाजू ६० चौरस सेंटिमीटर होते.

हे तुम्हाला माहीत नाही असं नाही. लांब पत्तीचा चहा मुरवत ठेवावा लागतो आणि टपरीवरची बारीक गोळी चहापत्ती दोन उकळ्यांत रंग सोडते. पान तेच, तुकडा लहान. काढ्याचं औषध वैद्य भरडच ठेवायला सांगतात, त्याला यवकूट म्हणतात, यव म्हणजे जव. तिथे उकळायला वेळ असतो आणि गाळणं सोपं हवं असतं. चाटणाचं चूर्ण मात्र वस्त्रगाळ. कामाप्रमाणे दाणा ठरतो, ही गोष्ट आपल्याकडे जुनीच आहे.

मग निंबोळीचं पीठच का करू नये? कारण मगजात चाळीस टक्के आणि त्याहूनही जास्त तेल असतं. चहाच्या पानाला ही अडचण नाही. मगज जेवढा घोटाल तेवढ्या जास्त पेशी फुटतात, तेल बाहेर येतं, यंत्राच्या उष्णतेनं पातळ होतं आणि दाण्यांवर पसरतं. तेल माखलेल्या दाण्यात पाणी सहज शिरत नाही. पीठ एकमेकांना चिकटून गोळे होतात, म्हणजे तुम्ही बारीक केलेला माल पुन्हा मोठा झाला, आणि तोही तेलाचा अंगरखा घालून. भरीला अतिबारीक कण फडक्याची भोकं बुजवतात आणि जे फडक्यातून सुटतात ते नोझलमध्ये जाऊन बसतात.

म्हणून माझं माप असं: बहुतेक दाणे जाड रव्याएवढे. मिलिमीटरात सांगायचं तर अर्ध्यापासून दोनपर्यंत, आणि सगळ्यात जास्त एकाच्या आसपास. हे माप कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही, आमच्या उखळातून आणि फडक्यातून आलंय. तुमच्याकडे कापड वेगळं, पंप वेगळा असेल, थोडं इकडेतिकडे होईल. पण सुरुवात इथून करा.

पहिली पायरी: मगज कुटण्याजोगा करा

निंबोळ्या आमच्याकडे जून-जुलैत पिकून पडतात, मृगाच्या पावसाच्या मागेपुढे. पिवळ्या, ताज्या पडलेल्या वेचा. चिखलात रुतून बुरशी आलेल्या, काळ्या पडलेल्या घेऊ नका. पाण्यात टाकून टोपल्यात रगडल्या की गर सुटतो. बिया धुऊन सावलीत पसरा, उन्हात नाही. ऊन या द्रव्याचा शत्रू आहे. पुरत्या वाळल्यावर सुताच्या किंवा गोणपाटाच्या बोऱ्यात भरा. युरियाच्या प्लास्टिक पोत्यात भराल तर आत घाम धरतो आणि बुरशी लागते. आठ महिन्यांपेक्षा जुनी बी वापरू नये अशी शिफारस आहे, म्हणजे गेल्या पावसाळ्यातली उरलेली बी या वर्षीच्या पऱ्हाटीला चालायची नाही.

आता कुटण्याच्या आदल्या दिवशीचं काम, जे नवी माणसं हमखास विसरतात. ऑगस्टात हवेत इतका दमटपणा असतो की जूनमध्ये खणखणीत वाळलेली बीसुद्धा ओल धरते. ओला मगज तुटत नाही, चेचला जातो. त्याचा रवा होणंच शक्य नाही. परीक्षा सोपी आहे: मगज दोन बोटांत धरून नखानं दाबा. कट् करून तुटला तर ठीक. वाकला, दबला, नखाला मेणासारखा लागला तर ओसरीवर पंख्याखाली एक दिवस पसरून ठेवा.

कवच फोडायला उखळात हलके ठोसे किंवा पाट्यावर वरवंटा लोटून फिरवायचा. मग सुपात पाखडा. कवच हलकं असतं, उडून जातं. इथे घाई करू नका, कारण कवचात काही नाही, ते फक्त वजन वाढवतं. कवचासकट कुटाल तर ५ किलोच्या जागी साधारण दुप्पट बी घ्यावी लागते, आणि कवचाचे तुकडे मगजापेक्षा टणक असल्यानं त्यांना बारीक करायच्या नादात मगजाचं पीठ होऊन जातं. वेळ नसेल तर तसंही करतात लोक, मी नाही करत. पाखडताना काळे, बुरसट मगज वेचून फेका. चांगला मगज फोडला की आतून हिरवट-पिवळा दिसतो.

पाखडताना नाकाला ओढणी बांधा. ती धूळ घशात गेली की दिवसभर चहासुद्धा कडू.

दुसरी पायरी: कुटणं

उखळ-मुसळ सगळ्यात चांगलं, हे मी जुन्याच्या प्रेमापोटी म्हणत नाही. मुसळाचा ठोसा पडतो, उचलला जातो, त्या मधल्या क्षणात माल थंड होतो आणि हलतो. घासणं कमी, फोडणं जास्त. तेल सुटतं ते मुख्यतः घासण्यानं आणि गरमीनं.

पण एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त टाकू नका. जास्त टाकलं की खालचा माल पीठ होतो आणि वरचा अख्खा राहतो. वीस-पंचवीस ठोसे झाले की थांबा, हातानं खालीवर करा, पुन्हा दहा-पंधरा. मग उखळ रिकामं करून चाळा. सगळा माल बारीक होईपर्यंत कुटत राहणं हीच ती चूक. जे रवा झालंय ते काढून घ्यायचं आणि जे राहिलंय तेवढंच परत टाकायचं. तांदूळ कांडताना आपल्या आया असंच करत होत्या, कणी होऊ नये म्हणून.

कधी थांबायचं याची खूण मुसळाच्या टोकाशी असते. लोखंडी कडीवर माल चिकटून थर बसायला लागला, ठोशाचा आवाज कोरड्या 'ठक'वरून 'थप'वर आला, की तेल सुटायला लागलंय. मुठीत भरड दाबून पाहा: मूठ उघडल्यावर ती सुटी पडली पाहिजे. लाडू वळला गेला तर हद्द ओलांडली.

उखळ नसेल आणि मिक्सर असेल तर जुनं भांडं या कामाला कायमचं वेगळं काढा. धुवून पुन्हा चटणीला वापरू म्हणाल तर घरातली माणसं जेवणावरून उठतील. भांडं अर्ध्याहून कमी भरा. बटण सलग ठेवू नका. दोन-तीन सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा, पुन्हा दोन-तीन सेकंद. असे चार-पाच झटके पुरे. पात्यापाशी पीठ आणि वर अख्खे मगज असं होतं, म्हणून हलवणं महत्त्वाचं. भांड्याचा तळ हाताला कोमट लागला की बंद करा आणि दुसरा घाणा भांडं थंड झाल्यावरच.

गटानं करायचं असेल, पाच-पन्नास किलोचा माल असेल, तर हातानं भागत नाही. हातोड्यांचं पल्वरायझर, म्हणजे फिरत्या हातोड्यांनी माल फोडणारं यंत्र, असेल तर दाणा ठरतो जाळीवरून. एक गोष्ट लक्षात ठेवा: ३ मिलिमीटरची जाळी लावली म्हणजे ३ मिलिमीटरचा दाणा निघेल असं नाही. आत तुकडे भन्नाट वेगानं फिरत असतात, ते भोकावर तिरके येतात आणि त्यांना ते भोक त्याच्या मापापेक्षा अरुंद पडतं. निघतो तो दाणा भोकाच्या निम्म्यापर्यंत बारीक असू शकतो. म्हणून जाळी ३-४ मिलिमीटरची, मिरचीची अजिबात नको. माल थोडा थोडा सोडा, सकाळी थंड वेळेला काम उरका, आणि दर काही किलोनंतर यंत्र बंद करून जाळी पाहा. तेलानं भोकं बुजायला लागली की आत अडकलेला माल पुन्हा पुन्हा मार खातो आणि मग आमच्या पहिल्या वर्षासारखं होतं. आणि हे यंत्र खाण्याच्या वस्तूंचं नको, हे सांगायला नकोच.

पाट्या-वरवंट्यावर किंवा जात्यावर मगज दळू नका. दोन्हीत घासणं आहे, तेल निघणारच.

तिसरी पायरी: चाळणं, आणि इथे कंजुषी नको

दोन चाळण्या लागतात. वरची मोठ्या भोकाची, खालची बारीक. लोक एकच चाळणी वापरतात आणि 'चाळलं' म्हणतात. एका चाळणीनं फक्त एक टोक कापलं जातं. मोठे तुकडे गेले, पीठ मात्र तसंच मालात राहिलं. किंवा उलटं.

बाजारातल्या जाळीला नंबर असतो. एका इंचात जेवढी भोकं तेवढा नंबर, म्हणून नंबर वाढला की भोक लहान. १० नंबरचं भोक २ मिलिमीटरचं असतं, १८ नंबरचं १ मिलिमीटरचं, ३५ नंबरचं अर्ध्या मिलिमीटरचं, ६० नंबरचं पाव मिलिमीटरचं. हिशोबी माणूस म्हणेल, इंचाचा दहावा भाग तर अडीच मिलिमीटर होतो. होतो, पण त्यातली उरलेली जागा तार खाते. आपल्याला वर १० नंबर आणि खाली ३५ नंबर, एवढं मिळालं तर काम झालं. तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात पितळी किंवा स्टीलची जाळी मापानं तोडून मिळते, ती लाकडी चौकटीवर ठोकून घ्यायची.

नाही मिळाली तर घरच्या चाळण्या आहेतच. भोक मोजायला लेकराच्या कंपासपेटीतली पट्टी चाळणीवर आडवी ठेवा, एका सेंटिमीटरात किती भोकं बसतात ते मोजा आणि तारेच्या जाडीला थोडं वजा धरा. दाण्याचं माप काढायचं असेल तर त्याहून सोपी युक्ती: चिमूटभर भरडीतले दहा दाणे पट्टीच्या कडेला एकाला एक लावून ओळीत ठेवा. दहा दाणे मिळून एक सेंटिमीटर भरले तर दाणा एक मिलिमीटरचा. तीन सेंटिमीटर भरले तर पुन्हा उखळात. आमच्या गटातली सातवीतली एक पोरगी हे काम सगळ्यांपेक्षा चोख करते.

चाळताना चाळणी आपटा, थोपटा, गोल फिरवा. हातानं माल जाळीवर रगडू नका. रगडलं की तेलकट मगज जाळीत दाबला जातो, भोकं बुजतात आणि जे खाली पडतं ते दाबून पडलेलं असतं, चाळून नाही. जाळी बुजली तर कोरड्या ब्रशनं उलट्या बाजूनं झाडा.

वरच्या चाळणीवर राहिलं ते उखळात परत. दोन्हींच्या मधे राहिलं ती आपली भरड. खालच्या चाळणीतून गळलेलं पीठ फेकायचं नाही, औषध त्यातही आहे. ते वेगळ्या फडक्यात, जाड कापडाच्या दुहेरी पुरचुंडीत बांधून त्याच ड्रमात सोडायचं. वजनात ते धरायचं. फक्त सुटं मिसळायचं नाही.

सुरुवातीच्या दोन-तीन वेळा वजन करून पाहाच. दर घाण्यातून १०० ग्रॅम घ्या, चाळा, तिन्ही भाग किराणा काट्यावर तोला, वहीत लिहा. वर १० ग्रॅमपेक्षा जास्त राहू नये आणि पीठ १५-२० ग्रॅमच्या वर जाऊ नये, असा आमचा कायदा आहे. पीठ सारखं जास्त निघतंय तर तुम्ही घाणा मोठा घेताय किंवा मगज ओला आहे. वर सारखं जास्त राहतंय तर नुसता कंटाळा. वहीत चार ओळी लिहिल्या की हे आपोआप दिसतं, आणि ज्या बाईचा हात जड त्या बाईचं नावही.

एकसारखेपणावर माझा एवढा भर का? कारण भिजवायची वेळ सगळ्या दाण्यांना एकच असते. मिसळीच्या मालात बारीक कण पहिल्या तासात रिकामे होतात आणि जाड तुकडे सकाळपर्यंत अर्धे भरलेलेच असतात. मग तुम्ही ५ किलो टाकलेत तरी पाण्यात उतरलं किती, हे कुणालाच सांगता येत नाही. सगळा दाणा एका मापाचा असेल तर निदान दर वेळचा अर्क सारखा निघतो. मग कमी पडलं किंवा जास्त झालं तर सुधारता येतं.

चौथी पायरी: भिजवणं आणि गाळणं

५ किलो भरड संध्याकाळी ९ लिटर पाण्यात भिजवा. दुसऱ्या भांड्यात १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा. दोन्ही रात्रभर. साबण भरडीच्या ड्रमात आधीच टाकू नका. साबणाचं पाणी अल्कलीचं असतं, आणि अझाडिरॅक्टिनला किंचित आंबट पाणी मानवतं, अल्कलीत ते लवकर मोडतं. साबण शेवटी, फवारायच्या तोंडावर. उकळतं पाणी ओतून काम लवकर उरकायचा मोहही टाळा, गरमीनंही हे द्रव्य मोडतं.

भरड सैल पुरचुंडीत बांधून भिजवली तर गाळायचं काम निम्मं होतं. पण सैल म्हणजे खरंच सैल. भरड फुगते, पुरचुंडी घट्ट असेल तर मधला गोळा कोरडाच राहतो आणि तुमची सगळी चाळणीची मेहनत वाया जाते. झोपण्याआधी एकदा आणि पहाटे एकदा लाकडी दांड्यानं ढवळा. दाण्याला चिकटून जे पाणी असतं ते आधीच कडू झालेलं असतं, ते हललं नाही तर नवं पाणी दाण्यापर्यंत पोचत नाही.

सकाळी पुरचुंडी पिळा, पुन्हा त्याच पाण्यात बुडवा, पुन्हा पिळा, असं पाच-सहा वेळा. मग पाणी दुहेरी मलमलीतून किंवा जुन्या धोतराच्या पदरातून गाळा. चोथा फेकू नका अजून. वेगळ्या ४-५ लिटर पाण्यात तो परत खळखळून धुवा आणि तेही गाळून त्यातच ओता. एकदम खूप पाणी ओतण्यापेक्षा थोड्या थोड्या पाण्यानं दोनदा धुतलं तर जास्त निघतं. कपडे खळबळताना हे आपण रोज करतो. मग साबणाचं पाणी घाला आणि एकूण १०० लिटर करा.

ज्यांना १५ लिटरच्या एका पंपापुरतंच करून पाहायचंय त्यांनी ७५० ग्रॅम मगज घ्यावा. एकराला २०० लिटर पाणी लागत असेल तर १० किलो.

नव्या माणसानं एक प्रयोग जरूर करावा. काचेचे तीन ग्लास घ्या, प्रत्येकात १०० मिलिलिटर पाणी आणि ५ ग्रॅम माल: एकात डाळीएवढे तुकडे, एकात रवा, एकात पीठ. रात्रभर ठेवा, सकाळी तिन्ही एकाच फडक्यातून गाळा आणि गाळायला किती वेळ लागला ते घड्याळावर पाहा. डाळीचा ग्लास फिकट आणि झटपट. पिठाचा घट्ट, वर तेलाचे डोळे, आणि फडकं तुंबलेलं. रव्याचा दुधाळ आणि गाळायला सुसह्य. पण दुधाळपणावर फार विसंबू नका. तो तेलाच्या बारीक थेंबांमुळे आणि कणांमुळे येतो, अझाडिरॅक्टिन पाण्यात उतरलं की पाणी पांढरं होतं असं काही नाही. म्हणून तर पिठाचा ग्लास सगळ्यात पांढरा दिसतो आणि नवखा माणूस तोच उत्तम समजतो.

फसलं तर कुठे पाहायचं

नोझल चोंदलं तर दोष फडक्याला देऊ नका, पीठ सुटं मिसळलंय. पाण्यावर तेलाची साय असेल तर कुटताना माल तापला किंवा घासला गेला. अशी साय पानावर गेली तर कोवळी पानं करपू शकतात, वरून काढून टाका. चोथ्यातला तुकडा फोडल्यावर आत कोरडा निघाला तर वरची चाळणी वापरलीच नाही. आंबूस वास आला तर भिजवून फार वेळ झाला, तो अर्क टाका. अर्क साठवायची वस्तू नाही, त्याच दिवशी संपवायची.

फवारणी दुपार कलल्यावर, ऊन उतरल्यावर. पानाची खालची बाजू भिजली पाहिजे, तुडतुडे आणि पांढरी माशी तिथेच असतात. आणि सकाळी उठून मेलेल्या किडी मोजायला जाऊ नका. हे तसलं विष नाही. कीड खाणं सोडते, अंडी कमी घालते, अळीची कात नीट पडत नाही. फरक दिसायला दिवस जातात. मावा, तुडतुडे, लहान अळ्या, इथपर्यंत अर्काचा हात पोचतो. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की तिच्यापर्यंत पाणीच जात नाही, मग भरड कितीही चांगली असो. तेव्हा अर्क सुरुवातीला, पात्या म्हणजे फुलांच्या कळ्या लागतानाच. नुकसानीची पातळी ओलांडली असेल तर सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा, अर्कावर हट्ट धरून बसू नका.

झाडाचं आहे म्हणून हात न धुता जेवायला बसू नका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, ती रासायनिक औषधांनी. तरीही तोंडाला फडकं, अंगभर कपडे आणि वाऱ्याच्या दिशेनं चालणं ही सवय याही पंपाला लावून घ्या. लहान लेकरांच्या हाती मगज आणि अर्क लागू देऊ नका. ड्रम नाल्यात किंवा विहिरीच्या काठावर धुऊ नका, मासळीला हे सोसत नाही. धुवण आणि चोथा झाडाच्या आळ्यात टाका, खत होतं.

उखळाचं शेवटचं. काम झालं की त्यात दोन मुठी कुटार (भुसा) आणि एक मूठ राख टाकून चांगलं कुटा, तेल ते ओढून घेतं, मग झाडून उन्हात पालथं ठेवा. आणि त्यावर खडूनं मोठी फुली मारून ठेवा. आमच्याकडे ती पुसली गेली होती आणि नव्या सुनेनं त्यात दिवाळीच्या चकलीची भाजणी कुटायला घेतली होती.